झोपलेल्या हातांची बांधणी

जामनगर, ९ जुलै १९९१

चि. तरु,

जय हिंगलाज. तुझं गाठोडं आंगडियाने गेल्या मंगळवारी आणून दिलं. चारपैकी तीन साड्या रंगवून त्यांच्या गाठी उघडल्या. आता हातातलं काम ठेव आणि नीट वाच, कारण मी रागावले आहे.

हत्तीच्या वेलीच्या साडीत तिसऱ्या हत्तीच्या सोंडेपाशी तुझी ठिपक्यांची रांग गेरूचा छापा सोडून निघाली, ती बाजारहाटाला गेल्यासारखी भटकत थेट काठात शिरली. पंधरा-वीस ठिपके तसेच, मग एकदम भानावर येऊन परत सोंडेवर. पुढे वेलीत पुन्हा तेच. साडी चौघडी घालून बांधलेली, म्हणजे एक चूक चार ठिकाणी. आमचे हे, तुझे मासा, साडी उन्हात धरून म्हणाले, "हे हत्ती कुठे निघालेत?" मला हसावं का रडावं कळेना.

माझी बेन, तुझी आई, गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. करंगळीचं नख वाढवायला आणि त्याने कापड उचलून गाठ मारायला तुला मी शिकवलं. लग्नापर्यंत तुझ्या हातची एक गाठ चुकलेली मला आठवत नाही, आणि आता ही तऱ्हा. सासूशी वाजलं का? की जावईबापूंशी? भांडायचं असेल तर भांड, पण नळीतला दोरा खाली ठेवून भांड.

लेकीला, बिजलला पापा. तुझ्या सासूबाई मोंघीबांना माझा नमस्कार सांग.

तुझी झवेरमासी

•

मांडवी, २० जुलै १९९१

प्रिय मासी,

जय हिंगलाज. चूक झाली, कबूल. शेजाऱ्यांनी आमच्या खिडकीसमोर भिंत उचलली, त्यामुळे दुपारचा उजेड गेलाय. त्यात बिजलला गोवर आला होता. आता बरी आहे, दिवसभर काचेचे मणी ओवत बसते आणि ओवून झाले की माझ्या गळ्यात घालते.

घरी सगळं ठीक. माझ्या दिरांचं, किरीटभाईंचं लग्न वसंत पंचमीला ठरलं. मुलगी अंजारची, भावना नाव. नव्या सुनेची लग्नातली लाल साडी, घरचोळा, मीच बांधायचा असं बा म्हणत होत्या, हल्ली काही म्हणत नाहीत. मी आता पूर्वीसारखी खिदळत नाही. सगळे म्हणतात, बरं झालं, पोरकटपणा गेला.

पुढची साडी नीट बांधीन.

तुझी तरु

•

जामनगर, २ ऑगस्ट १९९१

चि. तरु,

उजेडाची थाप दुसऱ्या कुणाला मार. उजेड कमी असला की गाठ सैल पडते, ठिपका फाटतो, लहानमोठा होतो. तुझे भटके ठिपके एकसारखे आहेत, मोहरीएवढे, घट्ट. हात पक्के चाललेत, फक्त मालकीण घरात नाही. पंचवीस वर्षं मी गाठी उघडतेय, असं मी कधी पाहिलं नाही.

आणि आंगडिया जेठालाल काय सांगत होता? म्हणे दुपारी तुझ्या दारात बायका बसलेल्या असतात, कुणाचा नवरा गेलेला, कुणाचा मुलगा, आणि तू त्यांना निरोप सांगतेस. तू कधीपासून भगतीण झालीस? लग्नात फटाणी गाऊन व्याह्यांची टोपी उडवणारी माझी तरु खिदळत नाही हे वाचून मला जेवण गेलं नाही. उद्याच्या उद्या खरं लिही.

झवेरमासी

•

मांडवी, १८ ऑगस्ट १९९१

मासी,

हे वाचून चुलीत घाल.

माझे सासरे, बापुजी, गेल्याला फाल्गुनात वर्ष झालं. त्यानंतर एका दुपारी मी बांधायला बसले होते. समोर झोपाळ्यावर बापुजी, बंडी घालून, अडकित्त्याने सुपारी कातरत. कातरण्याचा आवाजसुद्धा येत होता. मला बोट हलवता येईना, हाक मारता येईना. मग कुणीतरी कडी वाजवली आणि झोपाळा रिकामा. पुढे आठवड्यातून दोनदा, मग रोज.

मी बांना सांगितलं, तिथेच चुकलं. त्या घाबरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आले की विचार, रागावून गेले का." बापुजी गेले त्या सकाळी चहात साखर जास्त झाली म्हणून दोघांचं वाजलं होतं, तेवढं एक बांच्या मनात रुतून बसलंय. मी विचारलं की नाही ते मला आठवत नाही. पण बापुजी माझ्याकडे बघून हसले, तसं मी बांना सांगितलं. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने मला शिरा करून घातला. मग ही गोष्ट शेजारी गेली, आणि बायका यायला लागल्या. मी कुणाला काही निरोप देत नाही, त्याच माझ्या तोंडाकडे बघून अर्थ लावतात.

जेठ महिन्यात बापुजी उठले, बिजलचा हात धरला आणि तिला दाराकडे घेऊन निघाले. "बिजलला नेऊ नका" म्हणून मी किंचाळले. बिजल माझ्या मागे मणी ओवत बसली होती. पण मी ओरडले काय ते बांनी ऐकलं. गेलेला माणूस नातीला न्यायला येतो म्हटल्यावर कोण गप्प बसेल? भुवा, म्हणजे मांत्रिक, आणला, त्याने मला मोरपिसांनी झोडलं. मग भुजला वेडाच्या डॉक्टरकडे नेलं. घरच्यांनी सांगितलं, हिला मेलेला माणूस दिसतो. त्याने गोळ्या दिल्या. त्यांनी तोंड कोरडं पडतं आणि झोप दुपटीने येते. मी आमटी ढवळता ढवळता झोपते, मासी, आणि लोक म्हणतात आळशी.

आता ठरलंय असं. दिवाळी झाली की मला तुझ्याकडे पाठवायचं, ते कायमचं. बिजल इथे राहील. बा म्हणतात, "पोर मी वेडीच्या हातात ठेवणार नाही." बिजलचे बापू वखारीतून येतात, जेवतात, माझ्याकडे बघतात आणि मान वळवतात. त्यांना बांपुढे बोलता येत नाही आणि मला रागावता येत नाही, कारण मलाही वाटतं मी वेडीच आहे. सकाळी वेणी घालायचाही कंटाळा येतो. कशासाठी घालायची, असं वाटतं. रविवारी बिजलची वेणी घातली आणि ती मला म्हणाली, "बा, तू रडतेस का?" मला कळलंच नव्हतं मी रडतेय.

तरु

•

जामनगर, ९ सप्टेंबर १९९१

चि. तरु,

पत्र चुलीत घातलं नाही, पोलक्यात ठेवलंय. तुला तार करणार होते, पण तारेने तुझ्या सासूच्या छातीत धडकी भरली असती. आता काल काय घडलं ते ऐक.

अमदावादहून डॉक्टर अंजारिया महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी इथे येतात, मज्जातंतूंचे आहेत. त्यांच्या बायकोला बांधणीचा भारी शौक, ते आले की ती माझ्याकडे. काल तिला कपाट उघडून दाखवताना तुझी हत्तीची साडी खाली पडली. ती म्हणाली, हे काय? मी म्हटलं, माझ्या भाचीचे हात चालतात आणि डोकं दुसरीकडे असतं. डॉक्टर उंबऱ्याबाहेर बूट न काढता घड्याळ बघत उभे होते. बूट काढून आत आले. साडी हातात घेतली, एकेका ठिपक्यावरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "ही बाई काम करताना झोपते का?"

मी म्हटलं, झोपते. तुझ्या पत्रातलं थोडं सांगितलं, सगळं नाही. तर ते म्हणाले, "तिला एक विचारा. खळखळून हसू आलं की गुडघ्यातलं बळ जातं का? मान लटकते, खाली पडते, पण सगळं ऐकू येत असतं?"

तरु, हे तू मला लिहिलेलं नाहीस. मी त्यांना सांगितलेलं नाही. खरं असेल तर लिही, नसेल तरी लिही.

ते म्हणतात, असा एक आजार असतो. झोप आपल्या दाराबाहेर थांबत नाही, भर कामात आत शिरते, आणि शिरताना स्वप्न आधी घेऊन येते. डोळे अर्धे उघडे, हात चालू, समोर खोली खरी आणि खोलीतला माणूस स्वप्नातला. त्याला वेड म्हणत नाहीत. पण नीट बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही, असंही म्हणाले. भुजच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नकोस, ते बघून हळूहळू कमी करतील.

मी घरी येऊन विचार केला. तू आता एक साडी बांध. बापुजी येऊन गेले आणि तू भानावर आलीस, की लगेच त्या जागी दोऱ्यात बिजलचा एक काचेचा मणी ओवून टाक, पुढे बांध. आणखी कुणाला काही सांगू नकोस. साडी उघडू तेव्हा मणी बोलतील.

झवेरमासी

•

मांडवी, १९ सप्टेंबर १९९१

मासी,

कोणी सांगितलं त्यांना?

मी कुणालाच सांगितलेलं नाही. गेल्या होळीला किरीटभाईंनी एस.टी.च्या कंडक्टरची नक्कल केली आणि मी ताटासकट खाली. हात नाही हलत, मान नाही हलत, आणि कानावर सगळं येतंय. "हिच्या अंगात शिरलं" असं बा म्हणाल्या तेसुद्धा. मिनिटभराने उठून बसले. पुन्हा नणंदेच्या मुलीच्या लग्नात फटाणी सुरू झाली आणि तेच. तेव्हापासून हसू आलं की मी गालाला आतून चावते. आता सगळ्यांना वाटतं मी घुमी आहे, माजली आहे. बिजल वेडेवाकडे चेहरे करून मला हसवायला बघते आणि मी तोंड फिरवते. तिने आता ते सोडून दिलंय, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

तुझा तो प्रश्न वाचला आणि तासभर रडले. पण हे रडणं वेगळं होतं, ते झाल्यावर भूक लागली.

साडीला बसले आहे. आजपर्यंत चार मणी.

तरु

•

जामनगर, ३० सप्टेंबर १९९१

आदरणीय मोंघीबा विहीणबाईंस,

झवेरचा सप्रेम नमस्कार. आपली तब्येत बरी असेल. किरीटभाईंचं ठरल्याचं कळून आनंद झाला. घरचोळ्याचा लाल कसा हवा याबद्दल मला निर्णय करवत नाही. आपल्यासारखी जुनी बांधणारी बाई जवळ असताना मी पत्रावर विचारावं हे बरं नाही. आपण स्वतः जामनगरला यावं, चार दिवस राहावं, रंगाच्या कुंडावर उभं राहून रंग ठरवावा, मोतीबिंदू असला तरी आपला अंदाज चुकत नाही. तिथल्या पाण्याला इथला लाल येत नाही हे आपणच नेहमी म्हणता.

येताना तरुलाही घेऊन या. सामान उचलायला कोणी हवंच. बिजललाही आणा, तरुचे मासा तिला कचोरी खाऊ घालणार म्हणून हटून बसलेत. तेराव्या तारखेच्या रविवारी आपण इथे असावं अशी इच्छा आहे, त्या दिवशी कुंड रिकामं असतं.

आपली,
झवेर

•

जामनगर, २० ऑक्टोबर १९९१

चि. तरु,

पोचल्याचं पत्र मिळालं, दोन ओळींचं. प्रवासाचा शीण असेल. मीच लिहिते, कारण तू डॉक्टरांच्या खाटेवर डोक्याला तारा लावून झोपली होतीस तेव्हा बाहेर काय झालं ते तुला कुणी सांगितलेलं नसणार. तुझी सासू तर मुळीच सांगणार नाही.

मी कुंडाची थाप मारून आणलं हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं सासू-सुनांमध्ये काढली झवेरबेन, मला बनवू नका." पण आल्या होत्या, ते महत्त्वाचं. शनिवारी तुझी मण्यांची साडी लाल रंगातून काढून वाळवली होती. रविवारी ती घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. तुला आत नेलं आणि मी बाकावर त्यांच्या मांडीवर साडी ठेवली. म्हटलं, उघडा.

मोतीबिंदूने त्यांना दिसत नाही काही, तरी बोटं काय ती. दोन टोकं धरून तिरकं ओढलं आणि गाठी तडतड सुटायला लागल्या. पहिला मणी आला तेव्हा थांबल्या. "हे काय?" मी म्हटलं, इथे व्याही झोपाळ्यावर येऊन गेले. मग उघडलेल्या ठिपक्यांचे उंचवटे बोटाने चाचपत मागे गेल्या. रांग सरळ, सरळ, सरळ, मग वाकडी, मग भटकलेली, मग मणी. दुसऱ्या मण्याला तसंच. तिसऱ्याला तसंच. अकरा मणी होते, अकराही ठिकाणी आधी हात भरकटलेला. शेवटच्या मण्याशी येऊन म्हणाल्या, "हे झोपेतले हात आहेत. बाळंतपणात मीही असंच बांधलंय, दोन-चार गाठी. पण इतकं नाही."

तेवढ्यात डॉक्टरांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. तू भिंतीकडे तोंड करून झोपलेली. डॉक्टर म्हणाले, "झोपून पाच मिनिटं झाली नाहीत, पापणीवर बोट ठेवून बघा." मोंघीबांनी तुझ्या पापणीवर बोट ठेवलं. खाली डोळा सारखा पळत होता. "आत्ता ही स्वप्न बघतेय," डॉक्टर म्हणाले. "आपल्याला स्वप्नापर्यंत जायला तासभर लागतो, ही दारातूनच आत जाते. नार्कोलेप्सी म्हणतात याला."

मग तुझ्या सासूने जे विचारलं, ते मला कधी सुचलं नसतं. "म्हणजे ते आलेच नव्हते?"

डॉक्टर म्हणाले, नाही.

बाहेर येऊन त्या बाकावर बसल्या आणि रडल्या, तरु. मी मोंघीबांना रडताना प्रथमच पाहिलं. दीड वर्षापूर्वी गेलेला नवरा त्यांचा त्या दिवशी पुन्हा गेला. डॉक्टर पाणी घेऊन आले. त्यांना त्या म्हणाल्या, "हसले होते म्हणाली. मी रागावलेत का विचारायला सांगितलं, तर हसले म्हणाली. ते पण खोटं?" डॉक्टर म्हणाले, "बा, स्वप्न तिचं होतं. तुम्हाला बरं वाटावं असं तिच्या मनात असेल, म्हणून ते तिच्या स्वप्नात हसले."

मोंघीबांनी साडी पुन्हा मांडीवर ओढली. मग साडीची घडी घालत म्हणाल्या, "मी हिला मोरपिसांनी झोडायला लावलं." एवढंच. तू उठून बाहेर आलीस तेव्हा त्यांनी तुझी पिशवी उचलली, आणि सामान उचलायला तुला आणलं होतं.

भुजच्या डॉक्टरवर राग धरू नकोस. त्याला झोपेचं कुणी सांगितलंच नाही, मेलेला माणूस दिसतो एवढंच सांगितलं. आता नवीन गोळ्या वेळेवर घे, जुन्या लिहून दिल्याप्रमाणे कमी कर.

झवेरमासी

•

मांडवी, २४ नोव्हेंबर १९९१

प्रिय मासी,

दिवाळी झाली आणि मी मांडवीतच आहे. आधी हे लिहिते, मग बाकीचं. देवदिवाळीला मी बांना विचारलं, माझी पेटी भरायची का? त्या भाकरी थापत होत्या. "भर," म्हणाल्या, "उन्हाळ्याचे कपडे भर, थंडी पडलीये." मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बिजलला उचलून घेतलं आणि इतकं घट्ट धरलं की ती ओरडली.

आता माझ्या दोन झोपा ठरलेल्या, जेवणानंतर वीस मिनिटं आणि चार वाजता वीस मिनिटं. बा दारात पाट टाकून बसतात. निरोप विचारायला बायका आल्या की सांगतात, "माझी सून झोपलीये. तुमच्या माणसाला निरोप द्यायचा तर देवळात जा." एक जण म्हणाली, भर दुपारी सून झोपते आणि सासू राखण करते, कलियुग आलं. बा म्हणाल्या, "तुझ्या सुनेला दम्याची फुंकणी लागते तेव्हा तू कलियुग म्हणत नाहीस." ती बाई गेली ती अजून आलेली नाही.

बापुजी अजून कधीमधी येतात. आता मी घाबरत नाही. बोटं हलत नाहीत, तरी मनात म्हणते, झोप आहे ही, जाईल. आणि जाते.

सगळं एकदम छान झालं असं मात्र लिहिणार नाही, तुला थाप चालत नाही. काही सकाळी अजून अंथरुणावरून उठवत नाही. मी डॉक्टरांना विचारलं होतं, वेड नाही तर हे काय? ते म्हणाले, ज्यांना हा झोपेचा आजार असतो त्यांच्यातल्या पुष्कळांना उदासी आणि भीतीही धरते. ती मनाचे खेळ म्हणून झटकायची नाही, तिलाही औषध आहे, बोलणं आहे. झोप आणि उदासी या एका घरातल्या दोन जावा समज, एकीला बरं वाटलं की दुसरीही जरा नरमते, पण दोघींकडे बघावं लागतं. दर दोन महिन्यांनी यायला सांगितलंय. बिजलचे बापू सोबत येणार आहेत. काल ते वखारीतून आले आणि माझ्या वेणीकडे बघून म्हणाले, "आज घातलीस." इतकंच म्हणाले, पण मान वळवली नाही.

घरचोळा मी बांधतेय. बांनी छापा उलगडून माझ्यापुढे टाकला आणि म्हणाल्या, "दुसरं कोण बांधणार, मी आंधळी?" बांधून झाला की पौषात पाठवते.

काल बिजलने म्हशीसारखं तोंड केलं. मी गाल चावला नाही. हसले, आणि बसल्या जागी कलंडले. बिजल माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बा, मी आहे, ऊठ सावकाश."

तुझी तरु

•

जामनगर, २२ जानेवारी १९९२

चि. तरु,

मी हे पत्र हात न धुता लिहितेय, कागदावर लाल बोटं उमटली तर समजून घे.

घरचोळा उघडला. मोर सुरेख, कमळं सुरेख, चौकटीतला एकेक ठिपका मोजून मापून. मासा म्हणाले, ही जुनी तरु. आणि मग शेवटच्या पट्टीत, पदराच्या कोपऱ्यात, वाकडीतिकडी रांग. चाळीस-एक ठिपके. काही चण्याएवढे, काही फाटलेले, एक तर जवळजवळ सुटलेला. आणि चौघडीमुळे चारही कोपऱ्यांत.

तू गोळ्या बंद केल्यास का? खरं सांग. झोपेत बांधलंस तेव्हासुद्धा तुझे ठिपके असे कधी नव्हते, तेव्हा घट्ट होते. हे तर कुणी थरथरत्या हाताने बांधल्यासारखे आहेत. तुझे हात थरथरतात का? पुन्हा भुजच्या गोळ्या सुरू केल्या का कुणी? तुला माझ्याकडे पाठवायचं बोलणं पुन्हा निघालं का? लग्नाला पंधरा दिवस राहिले, घरचोळा दुसरा होणार नाही, पण ते जाऊ दे चुलीत. तू कशी आहेस ते कळव. शेजारच्या फोनवर करता आला तर फोन कर.

झवेरमासी

•

मांडवी, २७ जानेवारी १९९२

झवेरबेन यांस,

मोंघीचा नमस्कार. हे पत्र मी सांगते आहे आणि किरीट लिहितो आहे. तरुला दाखवलेलं नाही, ती चार वाजताची झोपली आहे.

तुम्ही फार घाबरता. तरु बरी आहे. गोळ्या घेते, मी मोजते. जेवते. परवा मला उलट बोलली, म्हणजे बरीच बरी आहे. तिला कुठे पाठवायचं बोलणं निघालेलं नाही आणि मी जिवंत असेतो निघणार नाही, हे किरीट, नीट लिही.

ते वाकडे ठिपके माझे आहेत. पौषात तीन दिवस तिला फार झोप आली, आणि शुक्रवारी आंगडिया यायचा होता. ती बांधता बांधता डुलायला लागली की मी तिच्या हातातून दोरा काढून घ्यायची आणि डोकं उशीवर ठेवायची. कोपरा राहिला होता. तिला उठवलं असतं तर उठली असती. मी नाही उठवलं. नख मी पंधरा वर्षांपूर्वीच कापलंय, दिसत तर काही नाही, छापा बोटाने चाचपून बांधलं. तिला अजून माहीत नाही, तिला वाटतं तिनेच पुरं केलं. तुम्हीही सांगू नका, मी लग्नात सांगेन.

तुम्ही दोन दिवस आधी या. फटाणी तुमच्याशिवाय होणार नाहीत. मंडपात तरुला भिंतीशी गादी टाकली आहे, एका बाजूला तुम्ही बसा, दुसऱ्या बाजूला मी बसेन. ती गाईल, हसेल, कलंडेल तेव्हा आपण धरू. गाणं कुणी थांबवायचं नाही, तिला सगळं ऐकू येत असतं.

घरचोळा तसाच पाठवा, कोपरे दुरुस्त करू नका. नवी सून विचारील, हे कोणी बिघडवलं. मी तिला सांगेन, तुझी मोठी जाऊ झोपली होती, म्हणून हे ठिपके सासूने बांधले.

मोंघी